दप्तरातला डाग : गुन्ह्याची नोंद आणि ती पुसण्याचा इतिहास

न्यायालयाने दिलेली शिक्षा ठरावीक मुदतीची असते. त्या शिक्षेची दप्तरातली नोंद मात्र बहुधा मुदत संपल्यावरही मागे राहते. नोकरीच्या अर्जातला रकाना, चारित्र्य पडताळणी, पासपोर्ट अशा प्रत्येक ठिकाणी ती पुन्हा वर येते. ही नोंद काही काळाने नष्ट करावी, निदान तिचे परिणाम तरी थांबवावेत, हा विचार भारतीय कायद्यात फार सावकाश आला, आणि तोही तुकड्यातुकड्याने.

नोंद ठेवण्याची गरज कायद्यानेच निर्माण केली. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील ७५ व्या कलमानुसार नाण्यांसंबंधीचे किंवा मालमत्तेविरुद्धचे विशिष्ट गंभीर गुन्हे पुन्हा करणाऱ्याला वाढीव शिक्षा देता येत असे. तसे करायचे तर आधीची शिक्षा सिद्ध करावी लागे. नाव बदलून, गाव बदलून वावरणाऱ्या माणसाची ओळख पटवणे हा पोलिसांपुढचा मोठा प्रश्न होता. १८९७ मध्ये कोलकात्यात बोटांच्या ठशांचे कार्यालय उघडले आणि तो प्रश्न बराच सुटला. ठसा बदलत नाही, त्यामुळे जुनी नोंद माणसाचा माग सोडेनाशी झाली. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने तिला आणखी दोन जोड दिले. ११० व्या कलमाखाली सराईत गुन्हेगाराकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन घेता येई. ५६५ व्या कलमाखाली पूर्वी शिक्षा झालेल्याला सुटकेनंतरही आपला पत्ता कळवत राहण्याचा हुकूम देता येई.

या नोंदी निदान न्यायालयाच्या निकालावर आधारलेल्या होत्या. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने निकालाची अटच काढून टाकली. एखादी जमात, टोळी किंवा वर्ग सराईतपणे गुन्हे करतो असे सरकारला वाटले, की राजपत्रात अधिसूचना निघे. त्या अधिसूचनेच्या वैधतेला न्यायालयात आव्हान देता येत नसे. त्यानंतर त्या जमातीच्या लोकांची नावे नोंदवहीत चढत. नोंद झालेल्याने ठरवून दिलेल्या हद्दीत राहायचे, हजेरी द्यायची आणि परवान्याशिवाय हद्द ओलांडायची नाही. हा कायदा आधी उत्तर भारतात लागू झाला. १९११ च्या कायद्याने तो मुंबई आणि मद्रास इलाख्यांतही आला आणि नोंदणीबरोबर बोटांचे ठसे घेण्याची तरतूद झाली. १९२४ मध्ये सर्व तरतुदी एकत्र करणारा नवा कायदा झाला. त्यात दुसऱ्यांदा दोषी ठरणाऱ्याला विशिष्ट गुन्ह्यांसाठी किमान ७ वर्षांची, तर तिसऱ्यांदा दोषी ठरणाऱ्याला जन्मठेप-काळ्या पाण्याची शिक्षा होती.

मुंबई इलाख्यात या कायद्याचे दृश्य रूप म्हणजे ‘सेटलमेंट’. सोलापूर, विजापूर, हुबळी, गदग, बारामती अशा ठिकाणी या वसाहती उभ्या राहिल्या. सोलापूरच्या सेटलमेंटला तारेचे कुंपण होते. तारेच्या आत राहणारी कुटुंबे गिरण्यांत मजुरीला जात आणि हजेरीच्या वेळी परत येत. वर्तणूक चांगली ठरली, की कुटुंबाला तारेबाहेरच्या ‘फ्री कॉलनी’त घर मिळे. कागदावर ही सुधारणेची योजना होती. कुंपणाबाहेर राहायला गेलेल्या कुटुंबाची जात बदलत नव्हती, आणि अधिसूचना तर जातीवरच निघालेली होती. सोलापुरात ‘सेटलमेंट’ आणि ‘फ्री कॉलनी’ ही वस्त्यांची नावे आजही रूढ आहेत.

स्वातंत्र्यानंतर हा कायदा टिकणे शक्य नव्हते. मुंबई प्रांताने १९४९ मध्येच तो रद्द केला. केंद्र सरकारने त्याच वर्षी अनंतशयनम् अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि १९५० मध्ये तिचा अहवाल आला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर संपुष्टात आला. अधिसूचनेतून मुक्त झालेल्या म्हणून या जमाती ‘विमुक्त’ ठरल्या. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत बेरड, कैकाडी, कंजारभाट, पारधी, रामोशी, वडार, बंजारा अशा १४ जातींचा समावेश झाला. ३१ ऑगस्ट हा दिवस ‘विमुक्त दिन’ म्हणून पाळला जातो.

नोंद पुसण्याच्या दृष्टीने १९५२ ची घटना अपुरी राहिली. कायदा गेला, पण त्यातून तयार झालेला संशय गेला नाही. त्याच सुमारास राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले. मुंबई राज्याचा असा कायदा १९५९ चा. या कायद्यांत जमातीऐवजी व्यक्ती हा निकष होता आणि पूर्वीच्या शिक्षा मोजल्या जात. व्यवहारात गावात चोरी झाली, की पहिली धाड पारध्यांच्या पालांवर पडण्याची रीत चालूच राहिली. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनाने हे जगणे मराठी वाचकांपुढे आणले. १९८८ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात तुरुंग नियमावल्यांतील जातीवर आधारित तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या आणि कैद्यांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला. १९५२ नंतर ७२ वर्षांनी एक रकाना पुसण्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला.

व्यक्तीच्या नोंदीचा विचार वेगळ्या वाटेने झाला. १९२० च्या कैदी ओळख कायद्यातील ७ वे कलम या बाबतीत लक्षणीय होते. पूर्वी शिक्षा न झालेला माणूस खटल्याविना सुटला किंवा निर्दोष ठरला, तर न्यायालयाने वेगळा हुकूम दिला नसल्यास त्याची मोजमापे आणि छायाचित्रे नष्ट करावीत किंवा त्याच्याच स्वाधीन करावीत, असे ते सांगत होते. पण ही सवलत निर्दोष सुटलेल्यापुरती होती.

दोषी ठरलेल्यासाठी पहिली मोठी पायरी म्हणजे परिवीक्षा, म्हणजे तुरुंगात न पाठवता देखरेखीखाली सुधारण्याची संधी. मुंबई इलाख्यात त्यासाठी १९३८ चा कायदा होता. देशासाठीचा अपराधी परिवीक्षा कायदा १९५८ मध्ये झाला. त्याच्या १२ व्या कलमानुसार, समज देऊन किंवा परिवीक्षेवर सोडलेल्या माणसाला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. या कलमाने अपात्रता हटते, दोषसिद्धी हटत नाही. त्यामुळे सरकारी नोकरावरची खातेनिहाय कारवाई या कलमाने टळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्येच स्पष्ट केले.

राष्ट्रपती आणि राज्यपाल यांना राज्यघटनेच्या अनुक्रमे ७२ व्या आणि १६१ व्या अनुच्छेदाखाली माफीचा अधिकार आहे. या अधिकाराविषयीच्या केहर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की राष्ट्रपती या अधिकाराने न्यायालयीन अभिलेखात दुरुस्ती करत नाहीत. तो अभिलेख जसाच्या तसा राहतो. म्हणजे माफीने शिक्षा टळू शकते, निकालाचा कागद टळत नाही.

दोषसिद्धीची नोंद खरोखर नष्ट करण्याची स्पष्ट आज्ञा भारतीय कायद्यात मुलांसाठी आली. बाल न्याय कायदा २००० च्या १९ व्या कलमात ती होती आणि २०१५ च्या कायद्याच्या २४ व्या कलमात ती कायम राहिली. १८ वर्षांखालील मुलाला दोषसिद्धीमुळे कोणतीही अपात्रता येत नाही आणि अपिलाची मुदत संपल्यावर किंवा वाजवी कालावधीनंतर संबंधित नोंदी नष्ट करायच्या असतात. २०१६ च्या आदर्श नियमांनी त्यासाठी अपिलाची मुदत किंवा ७ वर्षे अशी मर्यादा घातली. १६ वर्षे पूर्ण झालेल्या आणि प्रौढ म्हणून खटला चाललेल्या मुलाचा मात्र याला अपवाद आहे. २०१९ मध्ये एका निमलष्करी दलाच्या भरतीतील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाच हेतू पुढे केला : मुलाच्या हातून घडलेल्या गोष्टीचा डाग पुढच्या आयुष्यात त्याच्या आड येऊ नये.

प्रौढांसाठी असा सर्वसाधारण कायदा भारतात नाही. इंग्लंडमध्ये १९७४ च्या कायद्याने ठरावीक काळ नवा गुन्हा न करता गेल्यास बऱ्याचशा शिक्षा ‘संपलेल्या’ मानल्या जाऊ लागल्या. भारतात अपिलात निर्दोष ठरणे हाच दोषसिद्धी मिटवण्याचा मुख्य मार्ग राहिला. उलट नोंद साठवण्याची क्षमता वाढतच गेली. १९२० च्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्यात बोटांच्या ठशांखेरीज डोळ्यांच्या बुबुळांचे स्कॅन आणि जैविक नमुने यांचाही समावेश आहे, आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे ही माहिती ७५ वर्षे राहते. पूर्वी शिक्षा न झालेल्या आणि निर्दोष सुटलेल्या माणसाच्या नोंदी नष्ट करण्याची तरतूद याही कायद्यात आहे. दोषी ठरून शिक्षा पूर्ण भोगलेल्या प्रौढाची नोंद मात्र त्याच्या हयातीत बहुधा पुसली जात नाही.