सावलीतला गुलाब

जाम नदीच्या काठचे लोधीखेडा हे सौंसर तालुक्यातील जुने गाव. एके काळी हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात मोडत असे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो मध्य प्रदेशात राहिला आणि २०२३ साली नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आला. परंतु घरची भाषा मराठी राहिली आणि मळे संत्र्याचेच राहिले. अशा गावी उघडी, उन्हाची जागा पिकाला जाते. हौसेच्या फुलझाडाला उरते ती परसातली, कडुनिंबाच्या किंवा भिंतीच्या सावलीतली. गुलाबाला दिवसभर ऊन हवे, असे तर पुस्तके बजावतात. मग या परसाच्या नशिबी गुलाब नाहीच काय?

याचे उत्तर गुलाबाच्या वंशावळीत सापडते. दिवसभर उन्हाचा तो नियम मुख्यतः थंड देशांतील माळ्यांनी घालून दिलेला. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जाणाऱ्या प्रदेशात दुपारची सावली ही उणीव नसून आश्रय ठरते.

‘गुलाब’ हा शब्द फारसी असून त्याचा मूळ अर्थ फुलाचे पाणी असा आहे. पण या कुळाची ओळख आपल्याकडे त्याहून जुनी. संस्कृतातला कुब्जक म्हणजे कस्तुरी गुलाब, असे मानले जाते. हिमालयातील त्याचा रानटी भाऊबंद झाडांवर चढतो. त्याचे पाय सावलीत आणि माथा उजेडात असतो. दुसरे घराणे चीनचे, वर्षातून वारंवार फुलणारे. अठराव्या शतकाच्या अखेरीस ही चिनी झाडे युरोपात पोहोचली; त्यांतील काही कलकत्त्याच्या वाटेने गेली, म्हणून फ्रेंच लोक त्यांना ‘बंगालचा गुलाब’ म्हणू लागले!

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील चार्ल्स्टन येथे जॉन चॅम्पनीज यांच्या बागेत कस्तुरी व चिनी गुलाबांचा संकर झाला आणि त्यातून ‘न्वाझेत’ जातीचे गुलाब निघाले. विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात इंग्लंडमधील धर्मोपदेशक जोसेफ पेम्बर्टन यांनी ‘संकर कस्तुरी’ गुलाब तयार केले. झुबक्यांनी फुलणारे हे वाण थोडी सावली सोसतात. उलट १८६७ च्या ‘ला फ्रान्स’पासून गणले जाणारे मोठ्या फुलांचे ‘हायब्रिड टी’ गुलाब उन्हाचे अधिक भुकेले. आपण बाजारातून आणतो बहुधा तेच, आणि सावलीत ते रुसले की दोष मात्र जागेला देतो.

अर्थात सहनशीलतेलाही मर्यादा आहे. सकाळचे चार-पाच तास ऊन मिळेल अशी पूर्वेची बाजू निवडावी. मोठ्या झाडाच्या बुंध्यालगत रोप लावू नये. तिथे सावलीपेक्षा मुळांची चढाओढच अधिक घातक होते. वरच्या फांद्या विरळ कराव्यात आणि भिंतीला चुना द्यावा, म्हणजे उजेड परावर्तित होतो. पाणी सकाळी व बुडाशी घालावे. पाने रात्रभर ओली राहिली, तर काळे ठिपके पडून ती गळतात.

सावली ही गुलाबाची वैरीण नव्हे. कोंडलेली ओल आणि चुकीची निवड हेच त्याचे खरे वैरी. रोपाचे कूळ ओळखून जागा दिली, तर राजांच्या उद्यानांत मिरवलेले हे फूल सामान्याच्या परसातही सुखाने नांदते.