१ ऑगस्ट १९७१ : न्यूयॉर्कमध्ये अल्लारखाँचा तबला

बांगलादेशाच्या निर्वासितांना मदत मिळावी म्हणून पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये या दिवशी योजलेल्या मैफलीचा आरंभ भारतीय संगीताने झाला, तेव्हा रविशंकरांची सतार आणि अली अकबर खाँ यांचा सरोद यांना तबल्याची साथ मुंबईनिवासी उस्ताद अल्लारखाँ यांची होती. वाद्ये सुरात मिळवली जात असतानाच, वादन झाले असे समजून, श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या. अशा नवख्या श्रोतृवर्गाला लयीचे गणित, म्हणजे सोळा मात्रांच्या त्रितालात विस्तार करून नेमके समेवर, आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येण्याचे कौशल्य, उमगू लागले, याचे मोठे श्रेय पंजाब घराण्याच्या या थोर तबलावादकाचे आहे. त्यांचे निधन ३ फेब्रुवारी २००० रोजी मुंबईत झाले.