तोंडाला रंग

आमच्या आजोबांच्या पिढीत एखादा मुलगा नाटक कंपनीत गेला की लोक म्हणत, "त्याने तोंडाला रंग फासला." गाणं नाही, अभिनय नाही, आधी डोळ्यांत खुपायचा तो रंग! आणि हीच मंडळी रात्र रात्र जागून नाटकं बघत. आहे की नाही गंमत?

खरं तर पुरुषाच्या चेहऱ्याला रंग आपल्याकडे मुळीच नवा नाही. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हा सीताही पुरुषच होता. घरंदाज बायकांनी रंगमंचावर उभं राहायचं नाही असा दंडक, म्हणून मग मुलग्यांना लुगडी नेसवायची! सिनेमातही तेच झालं. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी दादासाहेब फाळक्यांना तारामती मिळेना. अखेर उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. पुढे १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये तर राम आणि सीता दोन्ही तेच!

यातलं सर्वात मोठं नाव अर्थातच नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व. जन्म १८८८ चा. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर मंडळीत आले. 'मानापमान'मधली भामिनी, 'स्वयंवर'मधली रुक्मिणी, 'एकच प्याला'मधली सिंधू या त्यांच्या भूमिका आजही नावाने सांगितल्या जातात. त्यांचं पाहून घरंदाज बायका आपली केशरचना आणि लुगड्याची नेसण बदलत. म्हणजे बाईने कसं दिसावं हे एका पुरुषाने रंग लावून शिकवलं! त्यांना कुणी बायल्या म्हणाल्याचं मी तरी आमच्या घरात ऐकलं नाही. १९६४ मध्ये सरकारने त्यांना पद्मभूषण दिलं.

आता दुसरी बाजू बघा. तमाशातला नाच्या. तोही पुरुषच. त्याच्याही चेहऱ्यावर पावडर, डोळ्यांत काजळ, ओठांना लाली. पण त्याच्या वाट्याला आली टिंगल. कोल्हापूरचे गणपत पाटील यांचं 'आत्ता गं बया' माझ्या वयाच्या लोकांना नक्की आठवत असेल. पडद्यावर त्यांनी नाच्या असा काही रंगवला की लोक त्यांना पडद्याबाहेरही तसंच समजू लागले. बायकामुलांच्या संसारी माणसाला आपलं पुरुषपण लोकांना पटवून द्यावं लागावं, याचं वाईट वाटतं. २००८ मध्ये ते गेले.

योगायोग असा की दिग्दर्शक रवी जाधव यांनी २०१० मध्ये आनंद यादवांच्या कादंबरीवरून 'नटरंग' केला आणि लगेच २०११ मध्ये 'बालगंधर्व'. जमलं तर दोन्ही लागोपाठ बघा. दोन्हींत पुरुषच बाईचा हावभाव करतो. पण एकाला शालू-शेला आणि दुसऱ्याला शिव्या!

असं का? मला वाटतं, रंगाचा यात काही दोष नाही. बालगंधर्वांच्या मागे शास्त्रीय गाणं होतं, लोकमान्यांनी दिलेली पदवी होती, पहिल्या रांगेत वकील-डॉक्टर होते. नाच्याच्या मागे काय, तर गावोगाव फिरणारा फड. त्या फडातल्या बहुतेकांची जातही समाजाने खाली ठेवलेली. शिवाय बालगंधर्व 'बाई' होत, आणि नाच्या मात्र 'बाईसारखा पुरुष' असे. पुरुष पुरा बाई झाला तर आपण टाळ्या देतो, अर्धामुर्धा झाला की बिथरतो.

मी एका खेड्यातल्या शाळेत असताना संमेलनात आठवीतल्या एका मुलाने गौळणीतली मावशी केली होती. काय सुंदर केली! पोटं धरून हसलो सगळे. पण दुसऱ्या दिवसापासून गावाने त्याचं नावच 'मावशी' करून टाकलं. पोरगं शाळेत येईना. मी घरी गेलो, तर वडील शांतपणे म्हणाले, "गुरुजी, तुमची चार वर्षांनी बदली होईल. आम्हाला हितंच राहायचंय." त्यांनी त्याला मामाच्या गावी पाठवलं. पुढे त्याने कधी तोंडाला रंग लावला की नाही, देव जाणे.

आता काळ बदलतोय. २००५ मध्ये खास पुरुषांसाठी गोरं करणारं क्रीम बाजारात आलं, आणि आता लग्नात नवरदेवाचाही मेकअप होतो. नुकत्याच नात्यातल्या एका लग्नात आमच्या एका भाऊजींनी त्यावर नाक मुरडलं. "पुरुषासारखा पुरुष, आणि तोंडाला पावडर!" भाऊजींच्या कपाटात बालगंधर्वांच्या रेकॉर्डी जपून ठेवलेल्या आहेत हं! (ते हे वाचतीलच. भाऊजी, रागावू नका.)

सगळंच बदललं असं मात्र नाही. नवरदेवाला चालतं, नटाला चालतं. कॉलेजात जाणाऱ्या साध्या मुलाने सहज म्हणून काजळ घातलं तर? तिथे अजून आपण नाच्याच्याच काळात आहोत. तेव्हा अशा मुलाला नाव ठेवण्याआधी जरा दम धरावा, एवढंच माझं म्हणणं.

असो. तुमच्यापैकी कुणाचे आजोबा-पणजोबा गावच्या नाटकात स्त्रीपार्ट करत असतील, तर जरूर लिहा. फोटो असला तर फारच उत्तम!