आधी बारसं, मग जन्म

आर्केड मशीनला दोन तोंडं असतात. पुढचं पोरांसाठी: पडदा, जॉयस्टिक, बटणं आणि नाणं टाकायची फट. दुसरं फक्त मालकासाठी. नाण्यांच्या पेटीचं दार किल्लीने उघडायचं, आतलं एक बटण दाबायचं, की खेळ गायब होतो आणि पडद्यावर हिशेबाची पानं उमटतात. नाणी किती पडली, डाव किती झाले, कुठला लढवय्या किती वेळा निवडला गेला. धंदा करणाऱ्याला लागणारी माहिती.

शिकागोच्या मिडवे कंपनीने १९९२ साली 'मॉर्टल कॉम्बॅट' आणला, तेव्हा त्याच्या पोटातही अशी पानं होती. खेळ बाजारात गेल्यावर त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. त्यांपैकी एकीत रेप्टाइल नावाचा गुप्त प्रतिस्पर्धी घातला गेला आणि मालकाच्या पानांवर त्याचाही हिशेब येऊ लागला: कितीदा दिसला, कितीदा त्याच्याशी लढत झाली. त्या ओळींच्या जवळच मोठ्या इंग्रजी अक्षरांत आणखी एक नोंद होती, 'एरमॅक्स'. समोर एक आकडा, बहुतेक वेळा शून्य.

ही ओळ एड बून या प्रोग्रामरची. तो, चित्रकार जॉन टोबायस आणि जॉन व्होगेल, आणि आवाजाचं काम पाहणारा डॅन फोर्डन, एवढ्या चौघांनी मिळून हा खेळ उभा केला होता. प्रोग्राम लिहिताना काही जागा अशा असतात की तिथे गाडी कधीच जाऊ नये. गेलीच तर कुठेतरी चूक आहे. बूनने अशा जागी सापळे लावले होते. चूक घडली की सापळा ती पकडायचा आणि आकडा एकाने वाढवायचा. 'एरर मॅक्रो' या दोन शब्दांची आखूड केलेली जोडी म्हणजे 'एरमॅक', आणि शेवटचा 'स' अनेकवचनाचा. एवढंच. कुणा लढवय्याचा त्यात संबंध नव्हता. बूनने हे पुढे जाहीरपणे सांगितलं, पण तोवर फार उशीर झाला होता.

कारण पान वाचणाऱ्याने काय वाचलं? रेप्टाइलचा आकडा, आणि जवळच एरमॅकचा आकडा. रेप्टाइल गुप्त योद्धा आहे, तर एरमॅक दुसरं काय असणार?

पोरांना भाबडं म्हणून हसण्यात अर्थ नाही. रेप्टाइलला गाठायच्या अटी ऐका. 'द पिट' नावाच्या पुलावर लढायचं. मागे चंद्र दिसतो. त्याच्यासमोरून एखादी काळी आकृती उडत जाईल, तेव्हाचाच डाव धरायचा. दोन्ही फेऱ्या अंगाला ओरखडाही न लागता जिंकायच्या, बचावाच्या बटणाला हात लावायचा नाही, आणि शेवट ठरलेल्या जीवघेण्या डावाने करायचा. मग पुलाखालच्या खड्ड्यात हिरवा निन्जा समोर येतो. एवढं अशक्य वाटणारं प्रकरण खरं निघालं, तर त्याच्याशेजारच्या ओळीवर अविश्वास का ठेवायचा? मिडवेला दडवादडवीची सवयच होती. 'एनबीए जॅम टूर्नामेंट एडिशन' या तिच्याच बास्केटबॉलच्या खेळात, सुरुवातीच्या आर्केड आवृत्त्यांत, 'मॉर्टल कॉम्बॅट'चे योद्धे खेळाडू म्हणून लपवले होते. बास्केटबॉल संघटनेला ते रुचलं नाही, म्हणून पुढे काढून टाकले.

नाव असं हिशेबाच्या पानावर सापडलं. रूप आलं ते काटकसरीतून. 'मॉर्टल कॉम्बॅट'मधली माणसं चित्रकाराने काढलेली नव्हती. नटांना वेश घालून, कॅमेऱ्यासमोर लढवून, त्या चित्रफितीतून ती उचलली होती. डॅनियल पेसिना या नटाने निन्जाचा वेश एकदाच चढवला. पण चिपमध्ये चित्र साठवताना ठिपक्याजागी प्रत्यक्ष रंग नसतो, रंगाचा क्रमांक असतो, आणि कुठल्या क्रमांकाला कुठला रंग याचा तक्ता वेगळा असतो. तक्ता बदलला की तोच माणूस दुसरा होतो. पिवळा तक्ता लावला की स्कॉर्पियन, निळा लावला की सब-झीरो. पिवळा आणि निळा मिसळून हिरवा होतो, म्हणून रेप्टाइल हिरवा. डावही त्याने दोघांचेच घेतले. मेमरी महाग होती त्या काळातली ही युक्ती. ती एकदा डोळ्यांना कळली की चौथा रंग कुणालाही सुचतो. लाल.

अफवा अशी बनली: खेळ गडबडला की स्कॉर्पियन लाल होतो आणि नावाच्या पट्टीवर 'एरमॅक' येतं. १९९३ साली 'इलेक्ट्रॉनिक गेमिंग मंथली' या मासिकाने एका वाचकाकडून आलेलं छायाचित्र छापलं: पडद्यावर लालसर निन्जा, आणि एरमॅक जिंकल्याची घोषणा. छायाचित्र बनावट होतं. हे मासिक शिकागोच्याच उपनगरातून, लॉम्बार्डहून निघायचं, आणि त्याची पूर्वपीठिका पाहिली तर आश्चर्य वाटत नाही. वर्षभरापूर्वी, १९९२ च्या एप्रिल अंकात, त्याने 'स्ट्रीट फायटर टू'मध्ये शेंग लाँग नावाचा गुप्त गुरू असल्याचं ठोकून दिलं होतं. एप्रिल फूल! पण वाचकांनी ते एप्रिलपुरतं ठेवलं नाही. एरमॅकच्या छायाचित्राला तर एप्रिल फूलचीही सबब नव्हती. एक शब्द आणि एक ऐकीव गोष्ट यांना मासिकाने पुरावा मिळवून दिला, आणि माझ्या मते या कुळकथेतली सगळ्यात कमअस्सल कामगिरी तीच आहे.

मिडवेने काय केलं? खुलासा सोपा होता. तो आला नाही. १९९३ च्या 'मॉर्टल कॉम्बॅट टू'मध्ये जेड नावाची गुप्त योद्धी लढतीआधी अधूनमधून डोकावून कोड्यात बोलायची. त्यातलं एक वाक्य होतं: एरमॅक कोण? ही थट्टा तर होतीच, पण ज्यांना एरमॅक हवा होता त्यांच्यासाठी तीच खूण ठरली. नसलेल्या माणसाचं नाव खेळात का घेतील? आणि प्रत्येक शोध पंचवीस सेंटच्या, म्हणजे त्यांच्या चार आण्यांच्या, नाण्यांवर चालायचा. न सापडणारा योद्धा कंपनीला सापडणाऱ्याइतकाच किफायतशीर होता. पहिल्या खेळाच्या चिपमधला माल हौशी लोकांनी पुढे संगणकावर उतरवून कणाकणाने चाळला. लाल निन्जा त्यात नाही.

१९९५ मध्ये 'अल्टिमेट मॉर्टल कॉम्बॅट थ्री' आला आणि त्यात एरमॅक आला. लाल, आणि निवडता येणारा. अर्थात गुप्त, डाव संपल्यावर दोन्ही बाजूंची मिळून दहा चित्रं अचूक क्रमाने लावायची, तेव्हा तो खुला व्हायचा. या वेळी निन्जांच्या वेशात जॉन टर्क हा नट होता, पण रंग बदलण्याची युक्ती तीच. हातही न लावता समोरच्याला उचलून आपटणं ही एरमॅकची खासियत. आता त्याला पूर्वचरित्र हवं होतं. लेखकांनी लिहिलं, की मेलेल्या अनेक योद्ध्यांचे आत्मे एकवटून हा देह झाला आहे. पुढच्या खेळांत तो स्वतःला 'आम्ही' म्हणू लागला. बूनच्या यादीतल्या त्या अनेकवचनी 'स'चा विचार कुणी केला होता की नाही, देव जाणे, पण जमून आलंय खरं. २००४ च्या 'डिसेप्शन'मध्ये केन्शी हा आंधळा योद्धा त्याला गुलामीतून सोडवतो. हिशेबाच्या पानावरच्या एका नोंदीला इतकी करुण कहाणी मिळाली.

या घराण्यात तो एकटा नाही. 'मॉर्टल कॉम्बॅट टू'च्या एका पुलावर पार मागे एक जळता माणूस झुंजताना दिसायचा. ती निव्वळ पार्श्वभूमी होती, पण पोरांनी त्याला टॉर्च म्हणायला सुरुवात केली आणि त्याला गाठायच्या युक्त्या एकमेकांना सांगितल्या. २००२ च्या 'डेडली अलायन्स'मध्ये तो ब्लेझ या नावाने खेळता येऊ लागला. मीटची गोष्ट उलटी. तो १९९७ च्या 'मॉर्टल कॉम्बॅट फोर'मध्ये खरोखरच लपलेला होता: कातडी सोलल्यासारखं रक्ताळलेलं शरीर, स्वतःचे डाव नाहीत, गोष्ट नाही, ज्याच्या अंगावर चढवला त्याचेच डाव करणारा. अशा नुसत्या देहाला स्वतंत्र योद्धा व्हायला २००६ चा 'आर्मागेडन' उजाडावा लागला. त्या खेळाच्या साठांहून अधिक योद्ध्यांत एरमॅक, ब्लेझ आणि मीट तिघंही आहेत.

मिडवे २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली. वॉर्नर ब्रदर्सने 'मॉर्टल कॉम्बॅट' घेतला आणि शिकागोतच बूनच्या हाताखाली नेदररेल्म स्टुडिओ सुरू झाला. २०२३ च्या नव्या खेळात एरमॅक सुरुवातीला नव्हता. एप्रिल २०२४ मध्ये तो आला, जादा पैसे भरून उतरवून घ्यायच्या योद्ध्यांपैकी एक म्हणून.