बोटांची लिपी आणि कानांची लिपी

आमच्याकडे गवयास त्याचा षड्ज विचारला, तर तो पुष्कळदां 'काळी दोन' किंवा 'पांढरी चार' असें उत्तर देतो. हें वस्तुतः स्वराचें नांव नव्हे. पेटीवर बोट कोठें ठेवावें याची ती खूण होय. स्वर त्याच्या जागेवरून ओळखावा कीं स्वतःच्या नांवानें, हा प्रश्न दिसण्यांत क्षुल्लक आहे. परंतु गिटार या युरोपीय वाद्याचा सुमारें पांचशें वर्षांचा लेखनेतिहास याच प्रश्नाभोंवतीं फिरलेला आढळतो. आज गिटार शिकणाऱ्यास पांच ओळींची पाश्चात्त्य स्वरलिपी वाचतांना जी अडचण पडते, तिचें मूळही या इतिहासांतच आहे.

सन १५३६ मध्यें लुइस मिलान यानें स्पेनमधील व्हॅलेन्सिया शहरीं 'एल माएस्त्रो' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. तो व्हिउएला या सहा जोडतारांच्या, गिटारच्या घाटाच्या वाद्यासाठीं होता. त्यांत स्वरांचीं नांवें नाहींत. सहा आडव्या रेघा म्हणजे वाद्याच्या सहा तारा. रेघेवरील आंकडा म्हणजे पडद्याचा क्रमांक. शून्य म्हणजे मोकळी तार. आणि वर दिलेल्या चिन्हांवरून काल समजावयाचा. गीतांतील गायकाचे स्वरही या आंकड्यांतच, परंतु तांबड्या शाईनें दाखविलेले आहेत. या पद्धतीस स्पेनमध्यें 'सिफ्रा', म्हणजे आंकडे, असें म्हणत. इतरत्र तिला टॅब्लेचर हें नांव आहे. सन १५४६ मध्यें सेव्हिल येथें छापलेल्या अलोन्सो मुदार्राच्या ग्रंथांत चार जोडांच्या गिटारसाठीं कांहीं रचना याच रीतीनें आल्या, आणि गास्पार सान्स यानें १६७४ मध्यें सारागोसा येथें पांच जोडांच्या गिटारचें शिक्षण देतांना हीच वाट धरली.

या लिपीचा गुण उघड आहे. ज्यास स्वरज्ञान नाहीं त्यासही पहिल्या दिवसापासून बोट योग्य जागीं ठेवतां येतें. पण तिचा दोषही तितकाच मूलगामी आहे. तो आंकडा त्या वाद्यावर, आणि त्या विशिष्ट रीतीनें तारा लावल्या असतांनाच, अर्थपूर्ण होतो. शेजारीं बसलेल्या व्हायोलिनवाल्यास किंवा ऑर्गनवाल्यास त्यांतून सहजासहजीं कांहींच बोध होत नाहीं. शिवाय अनेक स्वरावली एकत्र चालत असतां कोणता स्वर किती काळ धरून ठेवावयाचा, हेंही ती सांगत नाहीं. सारांश, ती बोटांस आज्ञा देते. कानास मात्र कांहीं कळवीत नाहीं.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत ही स्थिति पालटली. जोडतारा हळूहळू जाऊन शतकाच्या अखेरीस सहा एकेरी तारांची गिटार रूढ होऊं लागली, आणि कंठसंगीताच्या साथीची पुस्तकें पांच ओळींच्या सर्वमान्य लिपींत छापलीं जाऊं लागलीं. आरंभीं हें लेखन व्हायोलिनच्या धर्तीवर एकाच पदरांत होई. मंद्रांतील स्वर व वरची चाल यांचे काल निरनिराळे दाखविण्याची शिस्त फेदेरिको मोरेत्ती यानें लावली. त्याचा ग्रंथ १७९९ मध्यें माद्रिद येथें निघाला. बार्सेलोनाचा फर्नांदो सोर यानें मोरेत्तीचें ऋण मान्य करून ही शिस्त पुढें नेली, आणि १८३० मध्यें पॅरिस येथें आपला शिक्षणग्रंथ प्रसिद्ध केला.

परंतु वाद्याचा स्वभाव लिपीनें बदलत नाहीं. पियानोवर एका स्वरास एकच पट्टी असते. गिटारच्या पहिल्या मोकळ्या तारेचा स्वर मात्र दुसऱ्या तारेच्या पांचव्या, तिसरीच्या नवव्या आणि चौथीच्या चौदाव्या पडद्यावरही मिळतो. तेव्हां कागदावरील एकच बिंदु पाहून त्यांतील कोणती जागा घ्यावी, हें वाचकानें क्षणांत ठरवावयाचें असतें. म्हणूनच त्या बिंदूंशेजारीं बोटांचे लहान आंकडे, वर्तुळांतील तारेचा क्रमांक आणि पडद्याचे रोमन आंकडे आपणांस दिसतात. हद्दपार केलेली जुनी आंकड्यांची लिपी अशा रीतीनें मागील दारानें घरांत परत आली आहे! भरीस भर, गिटारचे स्वर प्रत्यक्ष ध्वनीपेक्षां एक सप्तक वर लिहिण्याचा प्रघात आहे.

मग या खटाटोपानें साधलें काय? स्वतः गिटारवादक नसलेल्या मानुएल दे फाया यानें १९२० मध्यें देब्युसीच्या स्मरणार्थ गिटारसाठीं रचना केली. वाद्य सर्वांस वाचतां येणाऱ्या लिपींत बोलूं लागल्यामुळेंच बाहेरच्या थोर रचनाकारांस त्याच्याशीं असा संवाद सुलभ झाला. मात्र याची किंमतही द्यावी लागली. आंकडे वाचण्याची संवय मोडली आणि मिलान-मुदार्रांचे ग्रंथ मुके होऊन पडले. गिलेर्मो मॉर्फी याचें त्यांपैकीं पुष्कळ संगीत उलगडून दाखविणारें संकलन १९०२ मध्यें लाइपझिग येथें निघालें, आणि पुढें एमिलिओ पुहोल यानें या कार्यास आयुष्य वाहिलें. एक लिपी सोडतांना तिच्यांतील वाङ्मयही आपण नकळत बंद करून ठेवतों, हा धडा केवळ संगीतापुरता नाहीं.

आपल्याकडे पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) व पं. विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) यांनीं ज्या स्वरलिपी रचिल्या, त्या हाताच्या नव्हेत, स्वराच्या आहेत. म्हणून गवई, सतारिये व बांसरीवाले तीं पुस्तकें सारखींच वाचूं शकतात. गोमंतकांत चर्चच्या शाळांतून मुलांस पांच ओळींची लिपी शिकविली जाई. त्या विद्येच्या बळावर तेथील वादकांनीं मुंबईच्या चित्रपटांच्या वाद्यवृंदांत स्थान मिळविलें. पूर्वीं न पाहिलेला कागद पुढें ठेवतांच अनोळखी साथीदारांबरोबर वाजवूं लागणें, हें सामर्थ्य त्या लिपीचें होय.

आजही पुष्कळ शिकाऊ मंडळी आंकड्यांचाच आश्रय करितात, आणि त्यांत निंद्य असें कांहीं नाहीं; मिलानच्या शिष्यांनींही तेंच केलें. परंतु आंकड्यांनीं केवळ आपलें वाद्य वाजतें. स्वर वाचतां आले म्हणजे दुसऱ्याचें वाद्यही समजूं लागतें. ज्यास एकट्यानें वाजवून समाधान आहे, त्यानें खुशाल आंकड्यांवर थांबावें. ज्यास मैफलींत बसावयाचें आहे, त्यास मात्र पांच ओळींचे हे कष्ट चुकविण्यासारखे नाहींत.