‘सेरेंडिपिटी’ : एका शब्दाचे अर्धे विस्मरण

बहुतेक शब्दांची जन्मतिथी सांगता येत नाही. ‘सेरेंडिपिटी’ हा इंग्रजी शब्द याला अपवाद आहे. ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’चा कर्ता होरेस वॉल्पोल याने २८ जानेवारी १७५४ रोजी फ्लॉरेन्स येथील आपला मित्र होरेस मॅन यास लिहिलेल्या पत्रात तो प्रथम योजला. निमित्त क्षुल्लक होते. व्हेनिसमधील कापेल्लो घराण्याच्या कुलचिन्हाविषयीचा एक तपशील त्याला जुन्या ग्रंथात अवचित गवसला होता.

शब्दाचे मूळ त्याने एका कथेत दाखविले. सेरेंडिपच्या तीन राजपुत्रांची ही कथा अमीर खुस्रोच्या ‘हश्त बिहिश्त’ (१३०२) या फारसी काव्यात येते; १५५७ मध्ये व्हेनिस येथे ती इटालियन रूपात छापली गेली आणि पुढे फ्रेंचमार्गे इंग्रजीत आली. ‘सरनदीब’ हे ‘सिंहलद्वीपा’चे अरबी-फारसी रूप. म्हणजे शब्दाच्या पोटात श्रीलंका आहे. परंतु व्युत्पत्तीचा एवढा शोध लागला की आपले अभ्यासक बहुधा समाधान पावून थांबतात, आणि खरा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

कथेतील राजपुत्र न पाहिलेल्या उंटाचे वर्णन करतात. वाटेच्या एकाच बाजूचे गवत खाल्लेले, तेही निकृष्ट बाजूचे. म्हणून तो एका डोळ्याने आंधळा. (वॉल्पोलने स्मरणावर विसंबून उंटाचे खेचर केले.) यात योगायोग थोडा, अनुमान फार. वॉल्पोलच्या व्याख्येतही दोन्ही घटक होते : आकस्मिकता आणि चाणाक्षपणा. दुसऱ्या घटकासाठी त्याने वापरलेला ‘सॅगॅसिटी’ हा शब्द ज्या लॅटिन विशेषणापासून आला, ते शिकारी कुत्र्याच्या तीक्ष्ण घ्राणेंद्रियासाठीही वापरीत. मागकाढ्या राजपुत्रांना तो किती साजतो!

वॉल्पोलची ही पत्रे १८३३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यानंतरही शब्द दीर्घकाळ ग्रंथसंग्राहकांपुरताच राहिला. विसाव्या शतकात वैज्ञानिकांनी तो उचलला, पुढे तो सर्वतोमुखी झाला, आणि या प्रवासात चाणाक्षपणा गळून केवळ ‘सुखद योगायोग’ उरला. १९२८ मधील पेनिसिलिनचा शोध याचे उदाहरण म्हणून सांगितला जातो, तेव्हा उघड्या बशीवरील बुरशीचेच कौतुक होते. ती बशी फेकून न देता निरखणारा फ्लेमिंग दुय्यम ठरतो.

मराठीत या शब्दासाठी ‘काकतालीय न्याय’ सुचविला जातो. तो अपुरा आहे. कावळा बसला आणि फांदी मोडली, यात कोणीही काही ओळखत नाही. ‘घुणाक्षरन्याय’ मला अधिक जवळचा वाटतो. लाकूड कोरणाऱ्या किड्याला आपण अक्षर कोरले हे ठाऊक नसते. ते अक्षर म्हणून वाचणारा कोणी साक्षर तेथे असावा लागतो. आपल्या कोशांनी मात्र या न्यायाचा अर्थ देताना किड्याची नोंद घेतली, वाचणाऱ्याची घेतली नाही.