रुमालाखालचा दर : मूर्तिजापूर परिसरातील ठेकेदार, मुकादम आणि मजुरी

वऱ्हाडातील कापसाच्या व्यापाराचा इतिहास बहुधा भाव, गाठी आणि रेल्वे यांच्या आधारे सांगितला जातो. तो कापूस वेचणाऱ्या, यंत्रात घालणाऱ्या आणि गाठी वाहणाऱ्या माणसांना कामावर कोण आणीत असे आणि त्यांच्या मजुरीचा दर कोणाच्या तोंडून ठरत असे, ही गोष्ट त्या इतिहासाच्या तळटिपांत पडून राहते. अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर हे या प्रश्नाकडे पाहण्यास सोयीचे ठिकाण आहे, कारण कापसाचा भाव आणि मजुरीचा दर या दोन्ही गोष्टी तेथे जवळजवळ एकाच आवारात ठरत आल्या, आणि तरीही पहिल्या गोष्टीवर कायद्याची नजर एकोणिसाव्या शतकातच पडली, तर दुसरीवर ती पडण्यास पुढे कित्येक दशके लागली.

1853 च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेल्या वऱ्हाडात 1861 ते 1865 या अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात कापसाला अपूर्व मागणी आली, आणि ती मागणी ओसरत असतानाच, 1867 मध्ये, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा भुसावळ-नागपूर मार्ग पूर्ण झाला. त्या मार्गावरील मूर्तिजापूर स्थानकाने आसपासच्या काळ्या जमिनीतला माल मुंबईच्या बंदराशी जोडला. दक्षिणेकडील कारंजा, जे विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूर तालुक्यातच मोडत असे, त्याआधीपासूनच मोठी पेठ होते. हैदराबादच्या रेसिडेंटाच्या आदेशान्वये 1886 मध्ये तेथे नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला, आणि हिंदुस्थानातील नियंत्रित बाजारांचा इतिहास सामान्यतः तेथूनच मोजला जातो. पाठोपाठ आलेल्या 1897 च्या वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्याने दलाल, अडते आणि मापारी यांना परवाना, बाजाराला समिती आणि वजनमापाला देखरेख आणली. शेतकऱ्याचा प्रतिनिधी मात्र त्या समितीत नव्हता, आणि हा दोष पुढे फार महागात पडला.

हा कायदा कशासाठी लागला, हे समजण्यासाठी ‘हत्ता’ ही जुनी रीत पाहिली पाहिजे. शेतकऱ्याची गाडी बाजारात उभी राहिली की त्याचा अडत्या, म्हणजे कमिशनवर त्याचा माल विकून देणारा मध्यस्थ, खरेदीदाराच्या दलालासमोर हात पुढे करी. दोघांच्या हातांवर उपरणे किंवा रुमाल टाकला जाई आणि कापडाखाली बोटे दाबून रुपये व आणे सांगितले जात. किती बोटे धरली याचा अर्थ दोघांना कळे, गाडीवाल्याला कळत नसे. रुमाल उचलला की भाव त्याला तोंडी सांगितला जाई, आणि मग त्यातून अडत, दलाली, हमाली, तोलाई, वजनातील कडता, धर्मादाय आणि गोरक्षण अशा कपाती होत होत उरलेली रक्कम त्याच्या हाती पडे. 1928 मध्ये अहवाल देणाऱ्या शाही कृषी आयोगालाही या गुप्त सौद्यांची आणि कपातींची दखल घ्यावी लागली. कापसाचा भाव उघड लिलावात बोलला जाण्यापर्यंतची वाट अशी लांब आणि टप्प्याटप्प्यांची होती. पण निदान त्या वाटेवर कायदे, समित्या आणि आयोग तरी भेटत गेले.

मजुरीचा हत्ता याहून साधा होता आणि म्हणूनच अधिक चिवट ठरला. वेचणीची मजुरी पूर्वी बहुधा वेचलेल्या कापसाच्या वाट्याच्या रूपाने दिली जाई. सीतादही करून, म्हणजे पहिल्या वेचणीपूर्वी शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवून, वेचा सुरू झाला की दिवसअखेर बांधावर वाटे पडत आणि कोणाला किती मिळाले हे सर्वांच्या डोळ्यांदेखत होई. जीन, म्हणजे कापसातील सरकी काढून रुई वेगळी करणारा कारखाना, आणि रुई दाबून 392 पौंडांची गाठ बांधणारी प्रेस, यांच्याबरोबर नाण्यातली मजुरी आली आणि तिच्याबरोबर मधला माणूसही आला. जीन वर्षातील चार-सहा महिनेच चाले. दिवाळीनंतर एकाएकी शेकडो हात लागत आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी ते नकोसे होत. एवढ्या थोड्या काळासाठी माणसे शोधणे, सांभाळणे आणि घालवणे हा उपद्व्याप मालकाला नको असे. म्हणून तो काम उक्ते देई, म्हणजे किती माणसे व किती दिवस याचा हिशेब न ठेवता गाठीमागे किंवा बोज्यामागे ठरावीक रक्कम ठेकेदाराला देई. आणि ठेकेदार, ज्याची स्वतःची अशी टोळी क्वचितच असे, तो मुकादमाकडे जाई.

‘मुकादम’ हा शब्द अरबी ‘मुकद्दम’, म्हणजे पुढे असलेला, यावरून आला असून मोगलाईत तो गावच्या प्रमुखाचा वाचक होता. कारखान्याच्या काळात त्याची पदावनती झाली म्हणावी की बढती, हे सांगणे कठीण आहे, कारण पाटीलकीचा मान गेला तरी गावातील माणसांवरची पकड त्याच्याकडेच राहिली. तो त्यांच्याच वस्तीतला, बहुधा त्यांच्याच जातीचा असे. दसऱ्याच्या सुमारास ठेकेदाराकडून ‘उचल’, म्हणजे हंगामाच्या मजुरीपोटी आगाऊ रक्कम, घेऊन तो घरोघर वाटी आणि तिच्या बदल्यात हंगामभर माणसे आणण्याची हमी देई. हमीचा मोबदला दोन बाजूंनी मिळे : ठेकेदाराकडून डोईमागे कमिशन, आणि मजुराकडून त्याच्या रोजातला न बोललेला हिस्सा.

या साखळीत दर एक नसून तीन होते. उदाहरणादाखल असे धरावे की मालकाने उक्त्या रकमेत एका बाईच्या रोजापोटी सहा आणे गृहीत धरले, ठेकेदाराने मुकादमाशी पाच आण्यांवर बोली केली आणि मुकादमाने बाईला चार आणे सांगितले. तर मालकाला पाच आणि चार हे आकडे ठाऊक नसत, बाईला सहा आणि पाच ठाऊक नसत, आणि ठेकेदाराला आपल्या पाचांपैकी खाली किती उतरतात हे विचारण्याची सोय नसे, कारण विचारल्यास मुकादमही वरचे सहा विचारी. तिन्ही दर कोणालाही माहीत नसणे हाच या व्यवसायाचा पाया होता.

त्यातून उद्भवणारे तंटे ठरावीक साच्याचे असत. ठेकेदाराची तक्रार अशी की मुकादमाने दोघातिघांची उचल घेतली, चाळीस माणसे कबूल करून पंचवीस आणली, आणि आवारात कापसाच्या गंज्या वाढून मालक दंडाची भाषा बोलू लागताच नेमक्या त्या आठवड्यात दर वाढवून मागितला. मुकादमाची तक्रार अशी की बाजाराच्या आदल्या दिवशी पैसे देण्याचे ठरले असताना ठेकेदार ‘मालकाचे बिल निघाले नाही’ म्हणून हात वर करतो, यंत्र बिघडून काम थांबले तो दिवसही मजुरांच्या खाड्यांत धरतो आणि अर्धी रक्कम हंगामाच्या शेवटापर्यंत अडकवून ठेवतो. दोघांच्याही तक्रारी बहुतेक वेळा खऱ्या असत. लेखी करार नसल्याने त्यांचा निवाडा चहाच्या टपरीवर किंवा प्रतिष्ठित अडत्याच्या गादीवर होई, आणि रोलरसमोर दिवसभर रुईच्या धुरळ्यात बसून मुठीमुठीने कापूस घालणारी बाई त्या निवाड्यात पक्षकार म्हणूनही गणली जात नसे.

मूर्तिजापुरात या साखळीला आणखी एक कडी जोडली गेली ती रेल्वेमुळे. किलिक निक्सन या कंपनीने 1910 मध्ये स्थापलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीचे अरुंद मार्ग, एक यवतमाळकडे आणि दुसरा अचलपूरकडे, येथेच मुख्य मार्गाला मिळत. लोकांनी त्यांना पुढे ‘शकुंतला’ म्हटले. मुख्य मार्गाच्या रुळांतील अंतर साडेपाच फूट, तर शकुंतलेच्या रुळांतील अडीच फूट. त्यामुळे यवतमाळहून निघालेली गाठ थेट मुंबईला जाऊ शकत नसे, ती मूर्तिजापुरात एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावी लागे. तीन फुटांच्या या फरकावर हमालांच्या टोळ्या जगल्या, आणि टोळी म्हटली की टोळीचा नाईक व त्याचा हिस्सा हेही आलेच. गमतीचा भाग असा की हा मार्गसुद्धा ठेक्यावरच चाले : मालकी एका कंपनीची, गाड्या चालवणार दुसरी, आणि उत्पन्नाची वाटणी करारातल्या टक्क्यांनी. फरक एवढाच की त्या वाटणीचे टक्के कागदावर होते.

अशी मध्यस्थी वऱ्हाडापुरती नव्हती. मुंबईच्या गिरण्यांत जॉबर कामगार भरती करी आणि त्याबद्दल ‘दस्तुरी’ घेई. कलकत्त्याच्या ताग गिरण्यांत तोच माणूस ‘सरदार’ होता. सिलोनच्या मळ्यांत तमिळ मजूर आणणाऱ्या कंगाणीला मजूर हजर राहिल्याच्या प्रत्येक दिवसामागे मेहनताना मिळे, आणि तेथील मळेवालेही मूर्तिजापूरच्या ठेकेदारासारखेच हैराण असत, कारण ‘तुंडू’ नावाच्या चिठ्ठीवर मजुरांचे कर्ज लिहून कंगाणी आपली टोळी त्या कर्जासह दुसऱ्या मळ्याकडे नेई; ही चिठ्ठी 1921 मध्ये कायद्याने बंद करावी लागली. हिंदुस्थानातील कामगारांविषयीच्या व्हिटली आयोगाने 1931 च्या अहवालात जॉबरच्या हातून भरतीचा अधिकार काढून घ्यावा अशी शिफारस केली, आणि मुंबईत 1935 मध्ये बदली कामगारांच्या नोंदणीची योजना आल्यावर त्याचे वजन थोडे तरी घटले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1933 मध्ये नफ्यासाठी शुल्क घेणाऱ्या रोजगार संस्था बंद करण्याविषयीचा करार संमत केला. वऱ्हाडातील जिनांपर्यंत यातले काही पोहोचले असे म्हणणे धाडसाचे होईल.

तेथे पोहोचले ते कारखाना कायदे, आणि तेही उशिरा. 1891 च्या कायद्यातून वर्षातून चार महिन्यांपेक्षा कमी चालणारे कारखाने वगळलेले होते. 1911 मध्ये ते आत आले. 1934 च्या कायद्याने बारमाही कारखान्यांना आठवड्याला 54 तासांची मर्यादा घातली, पण हंगामी कारखान्यांना, ज्यांत जीन-प्रेस येत, 60 तासांची मुभा ठेवली. 1936 च्या मजुरी प्रदान कायद्याने वेतन वेळेवर आणि बेकायदा कपातीविना देण्याचे बंधन घातले आणि 1948 च्या किमान वेतन कायद्याने प्रथमच मजुरीचा एक आकडा सरकारी राजपत्रात छापला जाऊ लागला. कारंजाच्या बाजारापासून मोजल्यास कापसाच्या आणि मजुराच्या दरांत तोवर 62 वर्षांचे अंतर पडले होते.

मधल्या माणसाला सरळ बाजूला सारण्याचा प्रयत्न महाराष्ट्रात दोनदा मनापासून झाला. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून आलेल्या 1969 च्या माथाडी कायद्याने हमालांची नोंदणी मंडळाकडे नेली : मालकाने मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मंडळात भरायची आणि मंडळाने ती हमालाला द्यायची, म्हणजे पैसा टोळीवाल्याच्या हातातून जाण्याचे कारणच उरू नये. दुसरा प्रयत्न 1972 च्या दुष्काळात विस्तारलेल्या आणि 1977 च्या कायद्याने हक्काचे रूप मिळालेल्या रोजगार हमी योजनेचा. तिच्या धर्तीवर देशभर आलेल्या 2005 च्या कायद्यात तर ठेकेदार नेमण्यास स्पष्ट मनाई करण्यात आली. या दोन प्रयत्नांच्या मध्ये 1970 चा कंत्राटी कामगार कायदा आला. त्याने ठेकेदाराला परवाना, मजुरीवाटपाच्या वेळी मूळ मालकाच्या प्रतिनिधीची हजेरी आणि ठेकेदाराने मजुरी बुडवल्यास मालकावर जबाबदारी, असे तीन खिळे ठोकले. मात्र तो 20 किंवा अधिक कामगारांना लागू होता आणि मुकादमाचा त्यात वेगळा विचार नव्हता. सेवायोजन कार्यालयांचा मार्गही वेचणीपर्यंत जात नव्हता, कारण रिक्त जागा कळवणे सक्तीचे करणाऱ्या 1959 च्या कायद्याने शेतीतील काम आणि तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीचे काम मुळातच वगळले होते.

जुनी रीत वेगळ्या पोशाखात किती सहज उभी राहते, हे पाहायचे तर याच भागातील मुलांकडे पाहावे. अकोला-अमरावतीच्या महाविद्यालयांतून अभियंता होऊन पुण्यात कंत्राटी नोकरी करणाऱ्याला मनुष्यबळ पुरवणारी संस्था एक आकडा सांगते आणि कंपनीला दुसऱ्या आकड्याचे बिल लावते. या दुसऱ्या आकड्याला तेथे ‘बिलिंग रेट’ म्हणतात आणि तो काम करणाऱ्याला सहसा सांगितला जात नाही. कामगाराकडून शुल्क घेऊ नये असे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 1997 चा करार म्हणतो, पण त्याला भारताने मान्यता दिलेली नाही, आणि दोन दरांतील फरकाला शुल्क म्हणावे की नाही, हा वाद तर त्याच्याही पलीकडचा आहे.

मूर्तिजापूरच्या खारपाणपट्ट्यात, जेथे भूगर्भातील पाणी खारे असल्याने ओलिताची शेती थोडी आणि कोरडवाहू कपाशी अधिक, वेचणीची निकड एकाच वेळी सर्वांना पडते. गावातल्या बाया पुरत नाहीत तेव्हा दुसऱ्या गावाहून, कधी मेळघाटातून उतरलेल्या कोरकू कुटुंबांतून, मजूर आणावे लागतात. मुकादम फोनवर बोली करतो, शेतकरी त्याला इसार देतो आणि सकाळी गाडी भरून येते. गाडीभाडे वेगळे आणि किलोमागचा त्याचा हिस्सा वेगळा असतो. भाडे शेतकऱ्याला सांगितले जाते, हिस्सा धरून मात्र एकच दर बोलला जातो. संध्याकाळी बांधावर काटा टांगतात, प्रत्येकीच्या गाठोड्यांचे वजन होऊन वहीत तिच्या नावापुढे किलो लिहिले जातात आणि एखादी बाई शेजारच्या शेतातून परतणाऱ्या बायांना विचारते की त्यांच्याकडे आज काय भाव होता.